सीटमागची टाकी

बाळांनो, उद्या काकाची नवीन गाडी घरी येईल आणि तिचे फोटो तुमच्यापर्यंत पोहोचतील. आतला जाडजूड लोखंडी सांगाडा पाहून तुम्ही हसाल, म्हणून ही तुमची आजी आजच लिहिते. जुन्या गाडीला "जरा पोचा आला" एवढंच आम्ही तुम्हाला फोनवर सांगितलं होतं.

काकाचं काम तुम्हाला माहीत आहे. उंच इमारतींच्या काचा तो जमिनीवर उभा राहून धुतो. गाडीतल्या टाकीतलं क्षार काढलेलं पाणी नळीतून लांब दांड्याच्या टोकावरच्या ब्रशपर्यंत चढतं. त्याचं पूर्वीचं दोराला लटकून काचा धुणं थांबलं, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती.

टाकी मात्र त्याने आपल्या गावाच्या रीतीने बसवली. इथे नळाला पाणी येतं ते बऱ्याच दिवसांनी, त्यामुळे दोरीने बांधलेल्या टाक्या घेऊन टेम्पो गल्लोगल्ली फिरत असतात. काकानेही पाचशे लिटरची प्लास्टिकची टाकी व्हॅनमध्ये पुढच्या सीटमागे ठेवली आणि नायलॉनच्या दोरीने आवळली.

त्या दिवशी खुलताबादच्या एका लॉजच्या काचा धुऊन आम्ही परत निघालो. मी पेरू घ्यायला सोबत गेले होते. टाकीत निम्मं पाणी उरलं होतं. ते सोडून द्यावं, असं आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही. इतकं स्वच्छ पाणी इथे कोण सांडतं?

घाटाच्या उतारावर ते मागे डुचमळायला लागलं. एका वळणावर बकऱ्या आडव्या आल्या आणि काकाने ब्रेक दाबला. गाडी थांबली, टाकी थांबली नाही. दोरी फाडकन तुटली. काकाची सीट पुढे वाकली आणि टाकीने त्याला स्टिअरिंगवर दाबून धरलं. मी हाक मारली. त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही. मला दाराची कडी सापडेना.

बकऱ्यांमागून धनगर धावत आला. त्याने दार ओढलं. "मावशे, तू आधी खाली हो!" मग मागे जाऊन त्याने टाकीचा नळ सोडला. "लई जड हाय. रिकामी झाल्याबिगर हलायची नाय."

पाणी किती सावकाश वाहतं, ते मला तेव्हा कळलं. मी काकाचा हात धरून उभी होते. बोटं गार पडत चालली होती. बकऱ्या रस्त्यावरचं पाणी पीत होत्या.

अखेर धनगराने टाकी मागे ओढली. काकाने श्वास घेतला आणि तो म्हणाला, "आई, सगळं पाणी वाया गेलं."

"घ्या!" धनगर म्हणाला. "जीव जात व्हता, अन् ह्याला पाण्याची पडलीय!"

नंतर नवीन टाकी शोधताना मी प्रत्येक दुकानात एकच विचारलं: गाडी एकदम थांबली तर टाकी कुठे जाईल? एक दुकानदार म्हणाला, "आजी, विमान घेताय का?" आम्ही तिथून उठलो. आता घेतलेल्या टाकीचा सांगाडा थेट चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी चौकटीला, बोल्टने जखडलेला आहे आणि धडक देऊन तपासलेला आहे. पाणी डुचमळू नये म्हणून टाकीत आडवे पडदे आहेत. भरल्या टाकीचं वजन गाडीला झेपतं, हेही मी दोनदा विचारून घेतलं.

तरीही उद्या त्या गाडीत बसण्याआधी मी एकेक बोल्ट हलवून बघणार आहे.

काकाच्या मोडलेल्या बरगड्या आता जुळल्या आहेत. जुनी टाकी गच्चीवर आहे. नळाला पाणी आलं की आम्ही ती भरतो.