बोडका ऊस

आमच्याकडे ऊस होतो, असं कॉलेजात सांगितलं की घाटावरून आलेल्या मैत्रिणी हसायच्या. त्यांच्याकडे उसावर कारखाने चालतात, निवडणुका चालतात. आमचा ऊस म्हणजे मुरबाडजवळच्या आमच्या गावात, ओढ्याला लागून असलेला एक तुकडा. त्यावर काय चाललं ते सांगायचा प्रयत्न करते. नीट जमेलच असं नाही.

बाबा लग्नाआधी माळशेज चढून जुन्नरकडे ऊसतोडीला जायचे. पुढे ते बंद झालं, पण ऊस डोक्यातून गेला नाही. मी बारावीच्या उंबरठ्यावर असताना त्यांनी तिकडून बेण्याच्या कांड्या गोणीत भरून एसटीच्या टपावरून आणल्या. आई तोंड फुगवून बसली. दर हिवाळ्यात त्या तुकड्यात ती वाल पेरायची.

"यंदा लावा," ती शेवटी म्हणाली. "पण खपला नाय, तर खोडक्या उपटून मी वाल पेरनार. मंग कुरकुर नाय करायची."

"कबूल," बाबा म्हणाले. तोडणीनंतर जमिनीतल्या खोडक्या राहिल्या तर त्यांतूनच पुढच्या वर्षी ऊस फुटतो. उपटल्या की संपलं.

तुळशीच्या लग्नाला ऊस खपतो, हे बाबांनी ऐकलं होतं. नुसतं ऐकलंच होतं. आम्ही बौद्ध, आजोबांच्या वेळेपासून आमच्या अंगणात ते लग्न लागलेलं नाही. ऊस तयार झाला, तसा त्या लग्नाच्या तोंडावर बाबांनी निम्मा तोडला, तोही घाटावर शिकले तसा. बुडाशी घाव, पाला सोलायचा, शेंडा उडवायचा. कारखान्याला स्वच्छ ऊस लागतो. हिरवे शेंडे बैलांपुढे टाकले. मोळ्या इतक्या गुळगुळीत झाल्या की मला फार अभिमान वाटला. बाबा आणि मी त्या मोळ्या बैलगाडीत घालून मुरबाडच्या बाजारात गेलो.

बाया येत, बघत आणि पुढे जात. दुपार कलली तरी एक कांडं हललं नाही. शेवटी आमच्याच गावच्या वरच्या आळीतली एक काकी थांबली. तिने मोळीभोवती एक फेरी मारली.

"काय रे, हा तं बोडका ऊस! याचे शेंडे कुठं गेले?"

"बैलांना घातले," बाबा म्हणाले.

"मंग आता बैलांचंच लगीन लावा! अरे, मांडव शेंड्यासकट उसाचा करतात. यवढा मोठा झालास, कधी बघितला नाय?"

"आमच्यात नाय ना काकी. कुठनं बघनार?"

 काकी माझ्याकडे वळली. "नि तू गो? कालेजात जातेस ना?"

"तिथं ऊस शिकवत नाहीत," मी पुटपुटले. आजूबाजूच्या बाया खो खो हसल्या.

"शेतात उभा हाय काय अजून?" काकीने विचारलं.

"हाय, निम्मा."

"तोडू नको. आमीच येतो."

आम्ही घरी पोचलो तेव्हा आईने भरलेली गाडी बघितली. तिने फळीवरचं वालाच्या बियाण्याचं मडकं खाली काढून ठेवलं. बाबा त्या मडक्याकडे बघायचं टाळत होते.

सकाळी काकी आली, तिच्यामागे अख्खी आळी. एरवी त्यांची पायवाट आमच्या बांधापर्यंत येत नसे. आता त्या बाया उसात शिरून भांडत होत्या. "हा माझा, मी आधी धरलाय!" "तुझी तुळस यवढीशी, तुला यवढा उंच कशाला गो?" बाबा कोयता घेऊन त्या दाखवतील तो ऊस तोडत होते, शेंड्याला धक्का न लावता. कुणी रोख देत होतं, कुणी पोहे, कुणी सुकटीचा वाटा. आई पदर पसरून घेत होती आणि मधूनच ओरडत होती, "खोडक्या तुडवू नका गो!"

ते ऐकून बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी हसू दाबलं.

बोडका ऊस आमच्या आळीतल्या पोरांनी आठवडाभर चघळला. आणि ऊस विकला त्याच संध्याकाळी आईने मडक्यातले बियाण्याचे वाल पाण्यात भिजत घातले. मोड आल्यावर केलेलं ते बिरडं सुकटीबरोबर आम्ही पोटभर खाल्लं.