भिंगरीचं औषध

धुकं असं उतरलं होतं की समोरची इमारत कुणीतरी उचलून नेल्यासारखी वाटत होती. दूधवाल्याची सायकल नुसती ऐकू आली, दिसली नाही. शर्टांना बटणांची काजं करणाऱ्या बाईला असली हवा म्हणजे वैरी. त्यातून शिंपीमास्तरनं या खेपेला दिलेला गठ्ठा गडद निळ्या गणवेशांचा, दोराही तितकाच गडद. निळ्यावर निळा टाका म्हणजे डोळे फोडून घ्यायचंच काम. मावशीनं बसकं स्टूल दाराच्या तोंडाशी ओढलं, दार सताड उघडलं आणि जिन्यातल्या दिव्याच्या उजेडात पहिला शर्ट मांडीवर घेतला. ब्लेडनं चीर पाडायची, कडेकडेनं टाके घालत वळायचं, टोकाला आडवा टाका मारून दोरा तोडायचा. मधल्या बोटात पितळी टोपी, अंगुस्तान. बोट आणि ती टोपी इतकी एकजीव झालेली की अंघोळीच्या वेळीही कधीकधी ती तशीच राहून जायची.

दार उघडं ठेवलं की जिन्यावरची जाणारी-येणारी माणसं दिसतात, हा फायदा. तोटा असा, की शाळेला निघालेली पोरं तिच्या दाराशी आली की एकदम चिडीचूप व्हायची आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत धूम ठोकायची. एखादं धीट पोरगं खालच्या वळणावर पोचलं की ओरडायचं, "कडूमावशीऽऽ!" मग सगळ्यांचं खिदळणं पार रस्त्यापर्यंत घरंगळत जायचं.

या नावाची सुरुवात तिच्या सासूपासून. म्हातारी कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळलेली आणि डोक्यानं पार लहान झालेली. गोळी दिली की गालात दाबून ठेवायची आणि सून वळली की भिंतीवर थुंकायची. पातळ औषध दिलं की थेट सुनेच्या अंगावर. नवरा सकाळी जायचा तो दिवे लागल्यावर उगवायचा, तेव्हा ही लढाई दोघींचीच. त्या लढाईत मावशीला एकेक खुबी सापडत गेली. औषध जिभेवर टाकायचं नाही, गालाच्या आत, दाढेच्या बाजूला सोडायचं. थोडं थोडं. मान मागे पाडायची नाही, ठसका लागतो. आणि तोंडात गेलं की चेहऱ्यावर हलकीशी फुंकर मारायची. फुंकर लागली की माणूस दचकून आवंढा गिळतो, मग तो म्हातारा असो की दुधपिता.

सासू गेली. पुढे नवराही गेला. हातात तेवढी कला राहिली.

मग शेजारणी यायला लागल्या. "मावशी, जरा येता का? आमच्या कार्ट्यानं थैमान घातलंय." ती हातातलं काम टाकून जायची, पोराचं चादरीत गाठोडं करून मांडीवर घ्यायची, आणि आईनं डोळ्यांवरचा हात काढेपर्यंत औषध पोटात. आया म्हणायच्या, "तुमच्या हाताला काहीतरी आहे हो." कुणीतरी आपलं दार वाजवतंय, याचंच तिला अप्रूप. पण आयांना पुढे त्याहून सोपी युक्ती सुचली. पोरगं जेवेना, झोपेना, की "बोलावू का कडूमावशीला?" पहिल्यांदा हे कानावर आलं तेव्हा ती हसली. हसली तिथंच फसली. हां हां म्हणता सगळ्या इमारतीत एक पोर असं उरलं नाही की जे तिच्याकडे आपण होऊन येईल.

एक सोडून. वरच्या खोलीत उन्हाळ्यात नवं बिऱ्हाड आलं होतं. बाई कपड्यांच्या दुकानात काउंटरला, दुपारच्या पाळीला. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, घरी पाहुण्यासारखा. आणि नुकती दोन वर्षांची झालेली पोरगी, एका जागी टिकायची नाही म्हणून जिचं नाव पडलं भिंगरी. आई सकाळी धुणं-भांडी करायची तेवढ्यात ही एकेक पायरी ढुंगणावर घसरत खाली उतरायची आणि थेट मावशीच्या उंबऱ्यात. कुणाला घाबरायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं मावशीचं बोट धरलं आणि त्या पितळी टोपीनं फरशीवर टकटक वाजवून बघितलं. बराच वेळ वाजवलं. मावशीनं बोट तिच्या स्वाधीन करून टाकलं आणि डाव्या हातानं डोळे पुसले, कशाला ते तिचं तिलाही कळलं नाही.

तेव्हापासून सुया, ब्लेडं, लहान बटणं फळीवर गेली. कोटाची मोठाली बटणं जाड दोरीत ओवून तिला खेळायला मिळाली. भिंगरी "मावची, मावची" करत बसायची आणि खेळता खेळता मावशीच्या मांडीवर डोकं टेकून झोपायची. मांडीला मुंग्या आल्या तरी मावशी हलायची नाही. मास्तर एकदा म्हणाला, "मावशी, हल्ली काजं कमी का येतात? नजर गेली की काय?"

"नजर आहे जागेवर. मांडी अडकलीये."

मास्तरला वाटलं, संधिवात. त्यानं तेल सुचवलं.

तर त्या धुक्याच्या सकाळी भिंगरी आली नाही. आदल्या दिवशीही आली नव्हती. वरून रडणं मात्र येत होतं, थांबून थांबून, दमलेलं. मावशीचं लक्ष सुईवर ठरेना, तेवढ्यात भिंगरीची आईच खाली आली. हातात बाटली, बाहीवर गुलाबी डाग, केस पिंजारलेले.

"मावशी, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, तुम्ही औषध पाजता. कान चिघळलाय हिचा. ताप हटत नाही. कालपासून पाजतेय, पण एक थेंब पोटात राहिला असेल तर शपथ. सगळं माझ्या अंगावर."

मावशीची सुई कापडात अर्धी राहिली. "मी नाही गं पाजत हल्ली."

"अहो पण वहिनी—"

"हात थरथरतो माझा."

बाईनं मांडीवरच्या शर्टाकडे पाहिलं. निळ्यावर निळा, मुंगीच्या पावलांसारखे एकसारखे टाके. तिचं ते बघणं मावशीला चांगलंच झोंबलं.

"मी सांगते तसं कर," ती उठत म्हणाली. "तू आत, मी बाहेर."

मग वरच्या मजल्यावर भलताच तमाशा झाला. आई दाराच्या आत पोरीला घेऊन बसलेली आणि मावशी बाहेर भिंतीला चिकटून.

"गालात सोड, गालात! जिभेवर नको."

"कुठल्या गालात?"

"अगं कुठल्याही! दोन्ही तिचेच आहेत."

"ती तोंडच उघडत नाहीये!"

"रडायला उघडेल तेव्हा कडेनं घाल. थोडं. आता फुंकर मार."

आतून फुंकर ऐकू आली, ती मेणबत्त्या विझवाव्यात तशी. पाठोपाठ खोकला, ओकारी आणि भोकाड. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची वहिनी बादली घेऊन उतरली. "मावशी, बाहेर काय उभ्या? लाजताय की काय नव्या नवरीसारख्या? जा की आत!"

"तूच का नाही जात?"

"मी? माझी तिन्ही तुम्हीच पाजलीत. मला कुठलं येतंय!"

भिंगरीची आई बाहेर आली. आता तिलाही रडू आवरत नव्हतं. "डॉक्टर म्हणालेत, आज औषध पोटात टिकलं नाही तर दवाखान्यात ठेवून सुया द्याव्या लागतील. हिच्या बाबांचा फोन लागत नाही. मी एकटी काय काय करू, मावशी?"

मावशीनं वहिनीकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, आणि जिना उतरून गेली. दोघींना वाटलं, गेली ही. वहिनीनं तर तोंड वाकडं करून "वय झालं की माणूस विचित्र होतं," असं म्हणूनही टाकलं.

मावशी घरात ट्रंकेपुढे गुडघे टेकून बसली होती. तळाशी नवऱ्याचा जाडजूड कोट होता, डांबरगोळ्यांच्या वासानं नुसता घमघमणारा, आणि त्याचा मफलर. कोट अंगात चढवला तर बाह्या बोटांपर्यंत आल्या. मफलर तिनं डोक्यावरून घेऊन नाकातोंडावर गच्च गुंडाळला. आरशात बघितलं, नुसते डोळे. पोर कुणाला तरी घाबरणारच ना, मग घाबरू दे या कोटवाल्याला. कोट ट्रंकेत परत गेला की झालं.

ती वर आली तशी वहिनीच्या हातातली बादली हिंदकळली. "अगंबाई! हा कोण? चोर की डॉक्टर?"

"गप बस. नाव घेऊ नकोस माझं," मफलरच्या आतून आवाज आला. आणि भिंगरीच्या आईला, हळूच, "तिनं मला ओळखायला नको. तेवढं सांभाळ."

हात थरथरण्याची सबब कशासाठी होती ते बाईला आत्ता कळलं. "मावशी, राहू दे मग. मी बघते काहीतरी."

"काय बघतेस? आण ती चादर."

भिंगरी तापानं लाल झाली होती. तो काळा कोट अंगावर येताना बघून तिनं असा टाहो फोडला की मावशीचं पाऊल अडलं. पण हातांना सवय होती. चादरीचं गाठोडं झालं, डोकं कोपराच्या खोबणीत बसलं, आईनं ड्रॉपर भरून दिला. मावशीनं हात पुढे करताना कोटाची बाही मागे सरली आणि बोटातली पितळी टोपी चमकली. ती काढायची राहून गेली होती.

रडणं थांबलं.

"मावची," भिंगरी म्हणाली.

चादरीतून एक हात तिनं ओढून ओढून बाहेर काढला आणि ते बोट घट्ट धरलं. चेहरा असा सैलावला, जणू या भयंकर माणसाच्या तावडीतून सोडवायला आपलं माणूस एकदाचं येऊन पोचलं. बाटलीकडे बघून तिनं तक्रार केली, "नको. मावची, नको," आणि गरम गाल कोटावर घासत आत शिरायला लागली.

मावशीला वाटलं, हिला अशीच उचलावी, खाली न्यावी, दार लावून घ्यावं. मांडीवर झोपेल. ताप काय, उतरेलही आपोआप. सासूच्या वेळी असं एकदा तिनं केलं होतं, एक दिवस औषध राहू दिलं होतं दोघींच्या सुखासाठी, आणि रात्रभर म्हातारीला जाळून काढलं होतं तापानं.

तिनं डाव्या हातानं मफलर खाली ओढला.

"हो गं बाई, मीच," ती म्हणाली आणि ड्रॉपर गालाच्या आत सरकवला.

थोडं. फुंकर. आवंढा. परत थोडं, परत फुंकर. भिंगरी आता रडत नव्हती. धरलेलं बोट तिनं सोडलं आणि नुसती बघत राहिली, आपल्याला ओळखीचा वाटलेला माणूस तो नव्हेच, असं काहीतरी शोधत. सासू थुंकायची तेव्हा निदान रागावता तरी यायचं.

"गेलं! सगळं गेलं पोटात!" वहिनीनं टाळ्या वाजवल्या. "बघ, म्हटलं नव्हतं मी? हाताला गुण!"

बाटली संपेपर्यंत दिवसातून तीनदा मावशी वर जात राहिली. कोट न घालता. दुसऱ्या दिवशी भिंगरीनं तिला बघून तोंड फिरवलं. त्याच्या पुढच्या दिवसापासून जिन्यात तिची चप्पल वाजली की वर रडणं सुरू व्हायचं. ताप गेला, कान सुकला, पोरगी पुन्हा खोलीभर गरगरायला लागली. खाली मात्र उतरली नाही.

मग एका दुपारी तिला पाळणाघरात सोडायला घेऊन आई जिना उतरत होती. मावशीच्या दाराशी येताच भिंगरीनं आईच्या मानेत तोंड खुपसलं. बाई ओशाळली.

"विसरेल हो, मावशी. लहान आहे अजून."

"विसरेल की." मावशीनं टाका ओढला. "शेवटपर्यंत दिलंस ना सगळं? बाटलीत ठेवलं नाहीस ना उरवून? नाहीतर दुखणं परत उलटतं."

"सगळं संपवलं." बाई पुढे जाईना. एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. "रागावणार नसाल तर एक सांगू? काल जेवता जेवेना. माझ्या तोंडून निघून गेलं."

"काय, माझं नाव?"

बाईनं मान खाली घातली.

"मग जेवली का?"

"सगळं ताट."

मावशी हसली, नाकातल्या नाकात. "मग घेत जा नाव. माझं काय झिजतंय? फक्त तिचं जेवून झालं की सांगत जा, मावशी गेली म्हणून. दाराआड उभी आहे, असं वाटत राहायला नको पोरीला."

बाईच्या पाळीची वेळ झाली होती. ती उतरून गेली. तिच्या खांद्यावरून दोन डोळे वर आले, मावशीकडे बघितलं आणि पुन्हा बुडी मारून गेले. खालचं दार वाजलं.

मावशीनं नव्या गठ्ठ्यातला शर्ट मांडीवर पसरला. या वेळी पांढरे होते, डोळ्यांना सुखाचे. पण मास्तरच्या कारागिरानं एका शर्टावर काजाच्या खुणा बटणांच्या पट्टीवर केल्या होत्या. त्याला दोन शिव्या घालून तिनं ओल्या चिंधीनं खडू पुसला, दुसऱ्या पट्टीवर मापानं नव्या खुणा ओढल्या आणि पहिली चीर पाडायला फळीवरचं ब्लेड घेतलं.