गजावरची खूण

जानेफळात माझे घरमालक काका रानडुकरं पिटाळायला परवान्याची ठासणीची बंदूक ठेवतात. भिंतीपलीकडे बंदूक आहे हे कळलं, तेव्हा मी दुसरी खोली शोधायला लागलो होतो. सातवीतून शाळा सोडून इतक्या लांब कामाला आलो. कुलूपही दोनदा ओढून पाहतो म्हणून पंपाच्या दुकानात सगळे हसतात.

बार उडवला की काका अंगणात नळी धुतात. आधी लोखंडी गज आत सोडतात. त्यावरची खूण नळीच्या तोंडाशी टेकली तर नळी रिकामी; वर राहिली तर आत बार आहे. मग कढत पाणी, कोरडी चिंधी, तेलाचा हात.

एकदा मला उंबऱ्यात पाहून त्यांनी गज पुढे केला.

"आता तू पाह्य."

"तुम्ही पाहिलंत ना, काका?"

"म्या पाह्यलं. पण झोप तुले लागली पाह्यजे ना बे."

खूण बरोबर टेकली. मी गज काढून पुन्हा सोडला. काका हसले नाहीत, पाण्याचं भांडं खाली ठेवून थांबले.

खोली मी सोडली नाही. आता पाणी मी तापवतो, आणि मी गज सोडून पाहिल्याशिवाय काका ते ओतत नाहीत.