मोजणीच्या आधीचा फोन

न सांगता कुणाकडे जायचं मी टाळते. दार उघडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरचा ‘ही कोण?’ मला सोसत नाही. म्हणून नोकरी लागल्यावर मी पहिलं काम केलं ते हे, की माझ्या वाट्याच्या सगळ्या वाड्यांचे फोन नंबर एका वहीत उतरवून घेतले.

नोकरी रत्नागिरीतल्या एका कार्यालयात, कंत्राटी. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी वाड्यांवर जायचं, विहिरीच्या कठड्यावरून टेप खाली सोडायची आणि पाणी किती खोल आहे तो आकडा टॅबमध्ये भरायचा. पुढचं संगणक बघतो. पाऊस किती पडला, माणसं किती, गुरं किती, जांभा दगड किती खोलवर आहे, हे त्याच्याकडे असतंच. त्यात माझा आकडा मिळवून तो नकाशावर प्रत्येक वाडीला रंग देतो. लाल वाडीला टँकर, हिरव्या वाडीला नाही. साहेब म्हणायचे, ही प्रणाली फक्त निर्णयाला मदत करते. ती निर्णय घेते आणि साहेब सही करतात, मी तरी एवढंच पाहिलं होतं. मला ते आवडायचंही. तिला कुणाची ओळख नाही, भीड नाही, आणि तिच्याशी बोलावं लागत नाही.

संगमेश्वरच्या बाजूला डोंगरात एक वाडी होती. पुरुष बहुतेक मुंबईला. पाणी समितीचं काम बघणाऱ्या काकी माझा फोन घ्यायच्या. मी वहीत लिहून ठेवलेलं वाक्य वाचायचे, “काकी, परवा सकाळी मोजणीला येतेय.” त्या म्हणायच्या, “ये गो बाय, ये.” मी पोचले की कठडा धुतलेला असायचा, प्लास्टिकच्या खुर्चीवर चादर घातलेली असायची, हातात कोकम सरबत यायचं. टेप सोडली की खाली पाणी असायचंच. नकाशावर वाडी हिरवी.

दुसऱ्या उन्हाळ्यात या वाडीने टँकरचा अर्ज केला. तो दोनदा नामंजूर झाला. “विहिरीत एवढं पाणी असताना टँकर कशाला हवा यांना?” असं साहेब म्हणाले. मलाही ते पटलं. लोक थोडं वाढवून सांगतातच, असं मी धरून चालले.

त्यानंतरच्या फेरीला मी बुधवारी येते म्हणून कळवलं होतं. पण मंगळवारीच कार्यालयाची जीप त्या बाजूला निघाली, आणि मी बसले. घाटात फोनला रेंज नव्हती. पोचले तेव्हा अकरा वाजले असतील. खालच्या पऱ्याकडून, म्हणजे ओढ्याकडून, बायका चढून येत होत्या, डोक्यावर हंडे, पायाखाली तापलेला कातळ. मी विहिरीशी गेले. रहाटाचा दोर गुंडाळून खुंटीला बांधलेला, तोंडावर काट्यांची फांदी टाकलेली. वाकून पाहिलं. खाली स्वच्छ, स्थिर पाणी.

काकी सर्वांत पुढे होत्या. मला बघून थबकल्या.

“अगो बाय, तू उद्याच्याला येनार हुतीस ना?”

“काकी, विहिरीत तर पाणी आहे.”

“हाय ना. तुज्यासाठीच ठेवलाय.”

मला कळलं नाही. त्यांच्या सुनेने हंडा उतरवला आणि हसत म्हणाली, “मोजनीवाल्या बाईंचं पानी हाय ते. तुमचा फोन आला की आमची कंबर दुखाय लागते बगा. दोन दिस हिरीला हात लावायचा नाय.”

“आणि पाणी कुठून आणता?”

“पऱ्यात खड्डा केलाय. करवंटीनं भरायचं. एक हंडा भरंस्तवर एक डुलकी होते.”

बाकीच्या हसल्या. मी कठड्यावर बसले.

“पण का, काकी?”

“का म्हंजे? सरकारचं मानूस येनार नि कोरडी हीर दाखवायची? वाडीची लाज ती. आनि कोरडी दिसली तर कागदावरनं काडून टाकतील, मंग दुरुस्तीला पन कोन येनार नाय.”

दोन उन्हाळे मी या बायकांच्या हातचं सरबत प्यायले होते, आणि मोजणी कशासाठी आहे हे एकदाही सांगितलं नव्हतं. वहीतल्या वाक्यात ते नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. आकडा कुठे जातो, रंग कसा ठरतो, टँकर का आला नाही. हसणं थांबलं.

“म्हंजे आमचा टँकर आमीच आडवला?” काकींनी विचारलं.

“तुम्ही नाही. मी.”

सून माझ्याकडे बघत राहिली. “बाय, हे आदी सांगाय काय झालेलं तुला?”



काकींनी स्वतः दोर सोडला. दुपारपर्यंत वाडीने राखलेलं पाणी घरी नेलं, एरवीसारखी विहीर उपसली. मी काकींकडेच राहिले. सकाळी टेप सोडली तर रात्रभरात एका कोपऱ्यात घोट्याएवढं गढूळ पाणी साचलं होतं. मी आकडा भरला. टॅबने तो घेतला नाही. ‘आधीच्या नोंदींशी जुळत नाही, पुन्हा मोजा.’ पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. माझे खोटे आकडे एवढे एकसारखे होते, की खऱ्याला जागाच उरली नव्हती.

कठड्याशेजारी उभं राहून साहेबांना फोन लावला. या वेळी वाक्य लिहिलेलं नव्हतं.

“सर, आजचा आकडा खरा आहे. आधीचे चुकीचे आहेत. माझे.”

“किती आधीचे?”

“सगळे.”

बायका रिकामे हंडे घेऊन ऐकत उभ्या होत्या. पलीकडे कीबोर्डच्या कळा वाजल्या. मग साहेब म्हणाले, “मी हाताने आकडा बदलून घेतो. उद्या टँकर पाठवू.” आणि लगेच, “तू बाकीच्या वाड्यांवरही फोन करूनच जातेस का?”

“हो,” मी म्हटलं. मला नकाशाचा हिरवा रंग दिसायला लागला.

काकी विचारत होत्या, “काय म्हनतात सायेब?”

“टँकर येतोय उद्या.”

त्याच दुपारी, वही पिशवीतच ठेवून, मी घाटापलीकडच्या दुसऱ्या हिरव्या वाडीत गेले. पहिल्या घराचं दार एका अनोळखी बाईने उघडलं आणि तिच्या चेहऱ्यावर तेच, ‘ही कोण?’ मी नजर वळवली. अंगणापलीकडे विहीर होती. दोर गुंडाळून खुंटीला बांधलेला.