इंद्रायणीमावशीचा तास

कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात सुबोधकाकांनी तीस वर्षं कारकुनी केली आणि घरात त्याहून जास्त. रेशन, बँक, आधार, मावशीचा कुठलाही फॉर्म ते भरणार आणि ती खाली सही करणार. नातेवाईक ह्याला काळजी म्हणत. मीही म्हणायचे, मूर्खासारखी.

मागच्या वर्षी इंद्रायणीमावशीचं जेवण सुटलं, मग बोलणंही. तपासण्यांत काही सापडेना, तेव्हा डॉक्टरांनी थेरपिस्ट गाठायला सांगितलं. सोलापुरात राहणारी भाची मी, शोधाशोध माझ्याच गळ्यात पडली. चार ठिकाणी विचारून मी काकांना फोनवर समजावलं, "थेरपी एकाच प्रकारची नसते, काका. एकीत मनातले विचार वहीत टिपायचे आणि ते तपासायला शिकायचं. दुसरीत माणूस एकटा बसून मागचं सगळं हळूहळू बोलतो. तिसरीत घरच्यांनाही सोबत बसवतात."

मावशीला दुसरी हवी, हे मला कळत होतं. पण विचारलं कुणाला? काकांना.

"एकटीला कशाला? आमच्यात लपवालपवी न्हाय. वहीचं बरं हाय की."

सोलापुरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या थेरपिस्टबाईंनी मावशीला वही दिली. काय घडलं, मनात काय आलं, कसं वाटलं, असे तीन रकाने. पंधरा दिवसांनी ती काठोकाठ भरून परत आली. अक्षर काकांचं. तिसऱ्या रकान्यात रोज एकच, 'बरे वाटले'. प्रत्येक पानाखाली मावशीची सही.

बाईंनी हटकलं तर काका म्हणाले, "तिला लिवायचा लई कंटाळा." आणि मग गावभर सांगत सुटले, थेरपीनं काही गुण येत नाही.

माझं डोकंच फिरलं. चार दिवस राहायला म्हणून मावशीला एकटीला घरी आणलं आणि एकटीशीच बोलणाऱ्या चेतना मॅडमकडे वेळ घेतली. एक अख्खा तास, फक्त तिचा. ती माझा हात सोडेना, म्हणून सुरुवातीला मी आत थांबले.

"तुम्हाला काय होतंय, इंद्रायणीताई?" मॅडमनी विचारलं. त्यांना घाई नव्हती.

मावशीचे ओठ हलले. तिनं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी गरीब आवाजात म्हणाली, "ह्यांनाच बोलवा की. त्यास्नी म्हाईत हाय."