शेपू आणि एक अर्ज

शेपू चिरायला घेतला की मला सिंगापूरच्या बिशानमधली ती संध्याकाळ आठवते. आमच्या इमारतीखाली खासदार दर आठवड्याला रहिवाशांना भेटायचे आणि आम्ही स्वयंसेवक लोकांचे अर्ज इंग्रजीत लिहून द्यायचो. त्या दिवशी कॅनडाचे एक माजी मंत्री हे काम पाहायला आले होते; पेशाने वकील, युक्रेनमधून तिकडे गेलेल्या घरातले. टेबलाखालच्या माझ्या पिशवीतल्या शेपूचा वास येताच ते हसून म्हणाले, "आमच्या आईचं स्वयंपाकघर." माझ्यासमोर एक हिंदीभाषक आजी बसली होती. मुलगा वारलेला, नातू लहान, भारतातून आलेल्या सुनेचा तिथे राहण्याचा पास संपत आलेला. मी सराईतपणे अर्ज लिहून सहीसाठी पुढे सरकवला. "तिला वाचून दाखवलात का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिला इंग्रजी येत नाही. "माझ्या आईलाही येत नव्हतं. समोर येईल त्या कागदावर ती सही करायची. म्हणून मी वकील झालो." रांग खोळंबली होती, आणि एवढा मोठा माणूस आजीच्या खुर्चीशेजारी हात बांधून उभा राहिला. मी हिंदीत वाचायला लागलो. दुसऱ्याच ओळीला आजीने माझं मनगट धरलं. "काम का पास नहीं, बेटा. उसको बच्चे के पास रहने दो." मी सुनेसाठी नोकरीचा पास मागितला होता. अर्ज फाडून पुन्हा लिहिला, वाचला. आजीची सही होईपर्यंत ते उभेच होते. आता मी प्रत्येक अर्ज वाचून दाखवतो. त्याआधीची दोन वर्षं मात्र माझ्यासमोर सगळ्यांनी मुकाट्याने सह्या केल्या होत्या.