शनिवारी सरांच्या घरी

आमच्या गावच्या शाळेत मास्तरांनी एखाद्या मुलाला "घरी ये" म्हटलं, की पुढचं काही सांगावं लागत नसे. मुलगा दप्तर ठेवून मास्तरांच्या मागच्या अंगणात शिरायचा आणि हंडा उचलायचा. पाणी भरायचं, सरपण फोडायचं, बाजाराच्या दिवशी पिशवी धरायची. यात कुणाला कमीपणा वाटत नसे. उलट मास्तरांनी आपल्या पोराला बोलावलं हे माझ्या वडलांनी एकदा वाण्याच्या दुकानात चारचौघांना मोठ्यानं ऐकवलं होतं. तिसगावच्या शाळेत मी सातवीपर्यंत असाच शिकलो. पुढं तालुक्याच्या गावी हायस्कुलात गेलो, तिथं हेडमास्तरांच्या घरचा रांजण माझ्याकडे होता. शिकणं आणि पाणी भरणं ही दोन वेगळी कामं आहेत असं मला कधी वाटलंच नाही.

मी मॅट्रिक झालो त्या सुमारास स्वातंत्र्य आलं आणि नगरला कॉलेज निघालं. त्याआधी पुढं शिकायचं तर पुणं गाठावं लागे, आणि पुणं आमच्या घराच्या हिशेबात नव्हतं. वडील म्हणाले, "नगरला जा. पर नापास हून आलास तर परत धाडायचा न्हाई. मंग आऊत हायेच." ते रागानं बोलले नव्हते. धाकट्या भावंडांना शेतावर सोडून मला पाठवायचं, ते एकदाच जमण्यासारखं होतं. तेवढं मला कळत होतं.

बाकी कॉलेजातलं मला फारसं काही कळत नव्हतं. शाळेत मुलं बसून राहतात आणि मास्तर बदलतात. इथं घंटा झाली की मुलंच उठून दुसऱ्या खोलीत जात. पहिल्या दिवशी मी जागेवरच बसून राहिलो. वरच्या वर्गाची मुलं आत आली, त्यांचे सर आले, शिकवूही लागले, आणि मी वही उघडून सगळं उतरवून घेत बसलो. वसतिगृहात माझ्या खोलीत संगमनेरच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा होता. त्याला हे सांगितलं तेव्हा तो खाटेवरून पडेपर्यंत हसला.

"अरे बाबा, मग तू डायरेक्ट इंटरला गेलास की! घरी पत्र टाक, पोरगं एका दिवसात वर चढलं म्हणून."

आम्हाला इंग्रजी शिकवणारे सर ख्रिस्ती होते. नगरजवळच्याच एका खेड्यातले, पण इंग्रजी असं बोलत की मला त्यांच्या तोंडाकडं बघत राहावंसं वाटे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गाच्या तुकड्या पाडल्या आणि आमच्या तुकडीला सावकाश, मुद्दाम मराठीत सांगितलं, "तुम्ही दर शनिवारी सकाळी माझ्या घरी यायचं. न चुकता. टर्मच्या शेवटी मला सही करावी लागते. ती नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही."

त्यातला शब्द न् शब्द मला समजला. कॉलेजात आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी पूर्ण समजलं होतं, त्यामुळे मला फार बरं वाटलं.

शनिवारी उजाडल्यावर मी सरांच्या बंगलीवर गेलो. पुढं व्हरांडा होता, त्यात वेताच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मी वळसा घालून मागं गेलो. तिथं आड होता, आडावर रहाट, आणि एक म्हातारी बाई दोर ओढत होती. मी चपला काढून ठेवल्या आणि म्हणालो, "आजी, मी भरतो. सरांनी बोलावलंय."

"कॉलेजातला का रं तू?"

"हो."

"भर मंग, लेकरा. माज्या खांद्यात लई कळ येती."

त्या सरांच्या आई. मूळच्या सोनईकडच्या. मी येण्याचं त्यांना काही नवल वाटलं नाही, आणि त्यांना वाटलं नाही म्हणून मलाही वाटलं नाही. मी हंडे भरले, न्हाणीतलं टिपाड भरलं, पेरूच्या झाडाला पाणी घातलं. तेवढ्यात पुढच्या बाजूला सायकली आल्याचा आवाज झाला. आमच्याच तुकडीतली मुलं व्हरांड्यात बसली आणि सरांचं बोलणं सुरू झालं. मी रहाट ओढत होतो, मधूनमधून एखादा इंग्रजी शब्द कानावर येत होता. मला वाटलं, ही मुलं मामलेदारांची, वकिलांची. त्यांना सर आणखी वेगळं काही शिकवत असतील. आपलं काम हे. मला त्यात अन्यायबिन्याय काही दिसला नाही. फक्त त्या मुलांच्या घरचं पाणी कोण भरत असेल, हा विचार उगाच मनात आला.

काम झाल्यावर आजींनी चहा केला. कप माझ्यापुढं धरला आणि तसाच धरून ठेवला.

"आमच्या घरचं चालतं का तुला?"

मी गोंधळलो. आमच्या गावात हा प्रश्न कुणी विचारत नसे, कारण उत्तर आधीच ठरलेलं असे. गावातल्या ख्रिस्ती वस्तीतलं पाणीसुद्धा आमच्या घरी कुणी घेतलं नव्हतं. पण इथं मी त्यांच्याच आडाचं पाणी स्वतःच्या हातानं काढलं होतं, ओंजळीनं प्यायलोही होतो. प्यायल्यावर आता चहाला नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हटलं तर वडलांना काय सांगायचं? आजी म्हणाल्या, "निवल त्यो. घ्यायचा आसंल तर घे, न्हाईतर मी पिते."

मी घेतला. वडलांना पुढं कधी सांगितलं नाही, त्यांनी कधी विचारलंही नाही.

असे शनिवार जात राहिले. एकदा आमच्या तुकडीतल्या एका मुलानं मला आडावर पाहिलं. प्राध्यापकांच्या घरी काम करून शिकणारी मुलं तेव्हा असत, त्यातलाच एक, असं त्याला वाटलं असावं.

अभ्यासाचं मात्र काही खरं नव्हतं. आम्हाला एका इंग्रज लेखकाचा निबंध होता. त्याची पुस्तकं लायब्ररीतच बसून वाचायची, बाहेर न्यायची नाहीत असा नियम होता. मी रोज जाऊन वाचत असे. शब्दकोश शेजारी ठेवून एकेक ओळ सोडवली. निबंधातला माणूस सकाळी घरातून निघतो, चालत राहतो, कुंपणं, ओढे, पाखरं बघतो, एका खानावळीत काही खातो आणि संध्याकाळी परत येतो. मी तीनदा वाचलं. तो कुठं गेला होता तेच मला सापडेना. माझी खात्री झाली की मधलं एखादं पान गेलंय. दुसरी प्रत मागितली. त्यातही तेच.

लायब्ररीतले कारकून चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय झालं?"

"पान फाटलंय बहुतेक, साहेब."

त्यांनी दोन्ही पुस्तकं बोट ओलं करून तपासली. "सगळी पानं आहेत. उगाच पुस्तकांना नावं ठेवू नकोस."

मी खोलीवर येऊन संगमनेरकराला विचारलं. त्याचे सर दुसरे होते, पण निबंध तोच. तो म्हणाला, "कुठं का जाईना! परीक्षेत निसर्गाचं वर्णन लिहायचं, झालं." हे उत्तर मला पटलं नाही, आणि दुसरं मिळालंही नाही.

टर्म संपत आली तेव्हा एके दिवशी तासाच्या शेवटी सरांनी हजेरीचा आकडा पुकारला. माझा.

"हा विद्यार्थी शनिवारच्या एकाही ट्युटोरियलला आलेला नाही. याला मी टर्म देऊ शकणार नाही."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा आकडा असेल. मी बाकावरच बसून राहिलो. वर्ग रिकामा झाल्यावर सरांजवळ गेलो.

"सर, मी दर शनिवारी आलो होतो."

"कुठं?"

"तुमच्या घरी."

सरांनी चष्मा काढला. "मी तुला व्हरांड्यात एकदाही पाहिलं नाही. खोटं बोलू नकोस."

"मागं होतो, सर. आडावर."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग मला बरोबर घेऊन घरी गेले. वाटेत माझ्या डोळ्यांपुढं फक्त वडील येत होते. नापास होऊन येण्याचीही पाळी नव्हती. मी परीक्षेला न बसताच आऊत धरायला जाणार होतो, आणि का, ते त्यांना समजावून सांगणं मला जमणार नव्हतं. मलाच समजलं नव्हतं.

आजी अंगणात तांदूळ निवडत होत्या. सरांनी विचारलं, "आई, हा कोण?"

"शनवारचा पोऱ्या. का?"

"तू मला म्हणालीस, पाण्याला गडी लावलाय!"

"गडी कुटं म्हनले? पोरगं येतं म्हनले. कॉलेजातलं हाय म्हनून सांगितलं त्यानं. मला वाटलं तूच धाडतूस."

"आई, कॉलेजातली मुलं पाणी भरायला येतात का?"

"मंग? तू न्हाई भरलंस? मास्तरच्या घरी रोज दोन कोस पानी वाहून शिकलास. आता सायब झाला म्हनून इसारला व्हय?"

सरांचा चेहरा मला वाचता आला नाही. रागावलेत, हसतायत की आणखी काही, कळेना. मी आपला खाली मान घालून उभा.

शेवटी ते म्हणाले, "हे बघ. तू माझ्या घरी होतास, पण ट्युटोरियलला नव्हतास. होतास असं मी लिहून देणार नाही." मग ते म्हणाले, "टर्म संपायला थोडे दिवस आहेत. रोज संध्याकाळी ये. पुढच्या दारानं. ज्या दिवशी तू मला एक प्रश्न विचारशील, त्या दिवशी सही करीन. कसलाही प्रश्न. पण तुझा हवा."

हे सोपं असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. मला ते पाण्यापेक्षा जड गेलं. मास्तरांनी "समजलं का?" म्हटलं की सगळ्यांनी "हो" म्हणायचं, असं मी शिकलो होतो. नाही म्हणणं म्हणजे मास्तरांना शिकवता येत नाही असं म्हणणं. मी वेताच्या खुर्चीच्या कडेवर बसायचो. सर म्हणायचे, "काय समजलं नाही?" मी म्हणायचो, "सगळं समजलं, सर." ते मान हलवायचे आणि मला जायला सांगायचे. दुसऱ्या दिवशी तेच. मी खोलीवर प्रश्न तयार करून नेत असे, पण ते सगळे खोटे निघत. एकदा एका कठीण शब्दाचा अर्थ विचारला. सर म्हणाले, "हे कोशात आहे. तुला माहीत आहे." मला खरंच माहीत होतं.

संगमनेरकर म्हणाला, "अरे, काहीही विचार ना! पाऊस का पडतो विचार!"

"त्यांना कळतं," मी म्हणालो.

शेवटच्या दिवशी मी अगदी टेकीला आलो होतो. दुसऱ्या दिवशी परीक्षेला बसणाऱ्यांची नावं वर जाणार होती. सरांनी नेहमीसारखं विचारलं, आणि मी "सगळं" एवढं म्हणून थांबलो. मग तोंडातून निघून गेलं, "सर, तो माणूस निघाला कुठं होता?"

"कोण?"

"निबंधातला. एवढा दिवसभर चालला. त्याला कुणाकडं जायचं नव्हतं, बाजार नव्हता, जनावर हरवलं नव्हतं. मी दोन पुस्तकं बघितली. पान फाटलेलं नाही. मग तो चालला कशाला?"

माझी पक्की समजूत झाली की आता सगळं संपलं. इतकी साधी गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली असणार, आणि मी तेव्हा आडावर होतो.

सरांनी आत हाक मारली. "आई, हा विचारतोय, एक माणूस दिवसभर चालतो, काम काही नाही, आणि घरी परत येतो. का?"

आतून आजींचा आवाज आला, "रिकामा आसंल! न्हाईतर घरात भांडान झालं आसंल."

सर मोठ्यानं हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. मग म्हणाले, "इतकी वर्षं हा निबंध शिकवतोय. हे मला कुणी विचारलं नाही. मीही माझ्या सरांना विचारलं नव्हतं." आणि त्यांनी सही केली.

मी थोडं थांबून म्हणालो, "सर, पण उत्तर?"

"पुढच्या टर्मला, पहिल्या शनिवारी. बाकीच्यांसमोर विचार. सगळे मिळून शोधू."

मी नमस्कार करून पुढच्या दारानं बाहेर पडलो आणि पायऱ्यांवर थांबलो. चपला नव्हत्या. रोज पुढच्या दारानं येऊनही चपला मी मागंच काढत होतो. वळसा घालून गेलो, तर आजी आडावर दोर सोडत होत्या.

"झाली का सई?"

"झाली, आजी."

"मंग आता तू काय पानी भरायचा न्हाईस."

मी चपला पायात घातल्या. जावं की थांबावं कळेना. आतून सर म्हणाले, "आई, त्याला जाऊ दे. अभ्यास आहे त्याचा." आजींनी दोर धरला, खांदा चोळला. मी चपला पुन्हा काढल्या आणि त्यांच्या हातून दोर घेतला. दोन हंडे भरले. मग सर बाही वर करत बाहेर आले आणि तिसऱ्या हंड्याला माझ्याबरोबर दोराला हात लावला. आपण दोर सोडायचा की धरून ठेवायचा, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, म्हणून दोघांनीही ओढला.